मशीन वीस जास्त दाखवतं

४ मार्च

कंपनीच्या मेडिकलआधी सहज म्हणून प्रेशर तपासून घेतलं. डॉक्टरीणबाई म्हणते १७८, खाली १०४. मी सरळ सांगितलं, तुमचं मशीन वीस जास्त दाखवतंय. अख्खी उमर लाँड्रीचा बॉयलर सांभाळण्यात गेली, प्रेशर म्हणजे काय ते मला शिकवू नका. तिने तीनदा घेतलं. तिन्ही वेळा चुकलं.

मग लेक्चर. एक गोळी सकाळी, नसा सैल करायला. दुसरी, अंगातलं जास्तीचं मीठ-पाणी लघवीवाटे काढायला. मीठ कमी, वजन कमी, सिगारेट बंद, रोज चालायचं. आणि वर काय, तर या गोळ्यांनी प्रेशर ताब्यात राहतं, आजार जात नाही, म्हणून बरं वाटलं तरी बंद करायच्या नाहीत. बरं वाटत असताना औषध घ्यायचं! मुळात मला वाईट कधी वाटत होतं?

मेडिकल वीस एप्रिलला. नापास झालो तर बॉयलरवरून काढून चादरींच्या घड्या घालायला बसवतील. मला. घड्या.

संकल्प : आजपासून चिडायचं नाही. हे लिहिताना पेनाची निब मोडली. हल्ली पेनंही धड येत नाहीत.

५ मार्च

बायकोने बिनमिठाचं सूप केलं. गरम पाणी होतं, त्यात गाजराचं प्रेत. मी म्हटलं, यापेक्षा प्रेशर बरं. तिने माझ्यासमोर बसून तेच सूप संपवलं. हिला माझा राग येत नाही याचाच मला जास्त राग येतो.

संध्याकाळी गेटवरच्या दुकानातून खारे दाणे घेतले. मीठ फक्त वरून लावलेलं असतं, ते पँटला पुसलं. तेव्हा ते मोजायचं कारण नाही.

९ मार्च, सकाळ

चालायला गेलो. एका गृहस्थाचा कुत्रा माझ्या बुटाशी आला. गृहस्थ म्हणतो, काही करत नाही हो तो. मी म्हटलं, तो करत नाही, पण मी करीन. शब्दाने शब्द वाढला. गर्दी जमली. घरी येऊन नव्या मशीनवर मोजलं (बायकोने मुद्दाम आणलंय, घरचा हेरच) : १८४.

म्हणजे चालल्याने प्रेशर वाढतं. सिद्ध झालं. चालणं बंद.

१४ मार्च

लघवीच्या गोळीचं तत्त्व मला मान्य आहे. बॉयलरच्या तळाचं पाणीही आम्ही रोज काढूनच टाकतो, नाहीतर क्षार साचतात. पण बॉयलर स्वतःची जागा सोडून कॉरिडॉरच्या टोकापर्यंत पळत नाही. आज मी दिवसभर पळत होतो. परत आलो की दरवेळी थंडा विचारणार, बरं आहे ना? थंडा म्हणजे माझा सहायक. याला आयुष्यात कधी राग आलेला कुणी पाहिलेला नाही. असल्या माणसांमुळेच माझ्यासारख्यांवर ताण पडतो.

एकदा परत आलो तर हा स्टीमच्या गेजवर बोटाने टिचक्या मारतोय. म्हणे काटा जरा जास्त वाटतोय. झापला त्याला सगळ्यांदेखत. म्हटलं, गेजशी वाद घालायचा नसतो. गेज सांगेल ते ऐकायचं आणि कामाला लागायचं. ज्याने ऐकलं नाही त्याचं छप्पर उडालं.

लघवीची गोळी बंद. सकाळची घेतोय, कारण ती बायको हातावर ठेवते आणि गिळेपर्यंत हलत नाही.

२२ मार्च

१३८! खाली ८६. शेवटी मशीन खरं बोललं. बरा झालो. गोळी बंद.

बायको म्हणाली, गोळी घेताय म्हणून उतरलंय. मी म्हटलं, पाऊस थांबल्यावर छत्री उघडी धरून कोण फिरतं? त्यावर तिने दादाचं नाव काढलं. प्रत्येक वादात हिला दादा लागतो. दादाची गोष्ट निराळी. माझा थोरला भाऊ दिवसभर खुर्चीत बसून पत्ते कुटायचा. मी दिवसभर उभा असतो. त्याचा उजवा हात गेला, जीभ जड झाली, वाईटच झालं, पण त्याचं खापर माझ्या डोक्यावर का?

बोलाचाली झाली. आता ती गोळी हातावर ठेवत नाही. पाकीट टेबलावर ठेवते आणि निघून जाते. उत्तम.

१ एप्रिल

१८२. मशीन पुन्हा बिघडलं. दुकानदाराकडे गेलो, तो म्हणतो सेल बदला. बदलले. १८६. नवे सेल, त्यामुळे जोर जास्त.

आता मीच बघतो. आमच्याकडे बर्नरच्या गॅस लाइनसाठी कमी दाबाचा मास्टर गेज आहे. त्या लाइनवरचे बाकी सगळे गेज त्याच्याशी ताडून बघायचे, तो कधी चुकत नाही. उद्या घरचं मशीन त्याच्यासमोर उभं करतो. दूध का दूध, पाणी का पाणी.

२ एप्रिल

मशीनचा पट्टा बाटलीला गुंडाळला, नळीला फाटा काढून मास्टर गेज जोडला. मशीन फुगायला लागलं. थंडा एका कागदावर दोन्ही आकडे लिहीत होता. पन्नासला पन्नास. शंभरला शंभर. एकशेऐंशीला एकशेऐंशी. पुन्हा केलं. पुन्हा तेच. थंडा खाली बघून गालात हसला, असं मला वाटतं.

जेवणही गेलं नाही. विचार करकरून एकच निष्कर्ष निघतो : मास्टर गेज बिघडलाय. किती वर्षं झाली, कुणी लक्ष दिलं होतं का? सगळं मीच बघायचं! तपासायला लॅबमध्ये पाठवून दिला. थंडा म्हणाला, दुसरा येईपर्यंत थांबू या का. मी म्हटलं, तुला कुणी विचारलं?

९ एप्रिल

घात झाला. इन्स्पेक्टर न कळवता आला. म्हणाला, मास्टर गेज दाखवा. म्हटलं, तपासायला गेलाय. का? संशय होता. मग त्याच्यावर ताडलेल्या बाकीच्या गेजवर मी विश्वास कसा ठेवू, असं म्हणून त्याने बर्नर बंद करून सील ठोकलं. सरकारी माणसं नुसती अडवायला बसलेली.

बॉयलर थंड. इस्त्रीचे रोलर थंड. सात हॉटेलांच्या ओल्या चादरींचा ढीग दारापर्यंत आला.

मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलं. संशय कशावरून आला, एवढंच विचारलं. मी तांत्रिक भाषेत बरंच समजावलं. मग त्यांनी थंड्याला बोलावलं. तो बिचारा खोटं बोलू शकत नाही, हा त्याच्यातला मोठा दोष आहे. म्हणाला, साहेब, यांचं बीपी जास्त दाखवलं त्याने.

मॅनेजर हसले असते तर मी सहन केलं असतं. ते हसले नाहीत. पाणी मागवलं, माझ्यासाठी.

१३ एप्रिल

मास्टर गेज परत आला. सोबत सर्टिफिकेट : कुठलीही चूक नाही. या लॅबवाल्यांनाही कुणीतरी तपासायला हवं.

२० एप्रिल

मेडिकल. १९२, खाली ११२. कंपनीचा डॉक्टर म्हणाला, लगेच औषध सुरू करा, ताब्यात येईपर्यंत बॉयलरवर पाय ठेवायचा नाही. मी आवाज चढवला. त्याने शांतपणे पुन्हा पट्टा बांधला. १९८.

२१ एप्रिल

घड्या. चादरीचं एक टोक मी धरायचं, दुसरं समोरच्या मावशींनी. मावशी म्हणाल्या, एवढं ओढू नका, फाटेल. काचेपलीकडे थंडा माझ्या स्टुलावर बसून माझ्या गेजकडे बघत होता. शिट्टी वाजवत.

२३ एप्रिल, सुट्टी

दादाकडे गेलो. बोलायचं होतं, आणि घरात कुणाशी बोलायची सोय उरलेली नाही. शिवाय दादा मधे तोंड घालत नाही.

सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई, इन्स्पेक्टर, लॅब, थंडा, सगळ्यांची सालटी काढली. दादा डाव्या हाताने कप धरून ऐकत होता. शेवटी मी म्हटलं, अरे, मला काही होतच नाही! डोकं दुखत नाही, चक्कर नाही, ठणठणीत बरं वाटतंय, मग कशासाठी घेऊ गोळ्या?

दादाने कप खाली ठेवला. ओठ हलायला लागले. एरवी वहिनी त्याचं वाक्य पुरं करतात, आज त्यांनी केलं नाही. बराच वेळ गेला.

"मलाही," दादा म्हणाला, "बरंच... वाटत होतं."

मग त्याने पुन्हा कप उचलला. थोडा चहा शर्टावर सांडला. मी पुसला. रागच आला मला. कुणाचा ते कळलं नाही.

२४ एप्रिल

गोळी घेतली. टेबलावर होतीच. दोन्ही घेतल्या. चादरींच्या खात्यात पळायला मुभा आहे. बायको बघत होती, पण मी बघितलं नाही.

६ मे

चालतो. कुत्रेवाल्या गृहस्थाला टाळण्यासाठी लांबच्या रस्त्याने जातो, त्यामुळे जास्त चालणं होतं. याचं श्रेय त्याला देणार नाही. सूप पितो. सिगारेट सोडली, म्हणजे गेटपर्यंत जाऊन परत येतो.

११ जून, सकाळ

१३४, खाली ८२. मशीन सुधारलंय. पुढच्या आठवड्यात पुन्हा बॉयलरवर. थंड्याला स्टूल पुसून ठेवायला सांगितलंय.

म्हणजे आता बरा झालो. बायकोला ऐकू जाईल असं म्हटलं, उद्यापासून गोळी बंद करायला हरकत नाही. ती भांडली नाही. तिने फोन लावला आणि माझ्या कानाशी धरला.

पलीकडे दादा. नुसता श्वास ऐकू येत होता. शब्द जुळवत होता. मी थांबलो. पहिल्यांदाच मधे बोललो नाही.

"घेतलीस?"

घेतली.