शेवटच्या माणसाचा हात

तीर्थरूप मामींना,

उभ्यानेच साष्टांग नमस्कार. (डावा गुडघा वाकत नाही. मागे फोनवर फक्त तुम्हाला सांगितलं, तेवढंच. घरात, संघात कोणाला पत्ता नाही. पोटात ठेवा.) तुमची कंबर कशी आहे? मामांचा खोकला? आणि तुमचे चिरंजीव? जेवतात ना पोटभर?

इकडे सगळं क्षेम आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. फुटबॉलमध्ये बचावपटूची नोकरी म्हणजे राखणदाराची. चोरी झाली नाही तर कोणी नाव काढत नाही, झाली तर दुसऱ्या कोणाचं काढत नाही. गोल करणाऱ्याला खांद्यावर घेतात. गोल अडवणाऱ्याला शेजारी विचारतात, आज खेळलात का? तरी इतकी वर्षं निभावलं. गेल्या सामन्यात मात्र घात झाला.

तुम्हाला ऑफसाइड कळत नाही. (मामांनाही कळत नाही, पण ते समजावून सांगतात.) चेंडू पुढे टाकला जाताना समोरचा गडी आमच्या शेवटच्या माणसाच्या पाठीमागे, गोलाजवळ असेल, तर त्याचा गोल धरत नाहीत. म्हणून आम्ही बचाववाले एका ओळीत झटकन पुढे सरकतो, तो बिचारा मागे एकटा पडतो, आणि मी हात वर करतो, म्हणजे रेषेवरच्या झेंडेवाल्या पंचाने झेंडा वर करून गोल बाद ठरवावा. माझ्या हाताला एवढा मान, की तो वर गेला की आमची पोरं पळायचीच थांबतात. त्या दिवशी मी ओरडलो, "पुढे!" सगळे पुढे गेले. मी हात वर केला. पोरं थांबली. समोरच्याने निवांत गोल केला, तरी माझा हात वरच. झेंडेवाला माझ्याकडे असा बघत होता, जसं परक्याच्या दारात आपली चप्पल शोधणाऱ्याकडे बघतात. कारण गडी ओळीच्या मागे होता, पण माझ्या मागे नव्हता. पुढे जायला गुडघा तयार झाला नाही, आणि सगळ्यांत मागे मीच उभा होतो, हात वर करून.

कोच एवढंच म्हणाले, "हात झकास होता. पाय कुठे होते?" मग दाराशी थांबून म्हणाले, "येत्या रविवारच्या सामन्यात समोरच्या संघाचा तो फॉरवर्ड तुला चुकवून गेला, तर पुढचा हंगाम बाकावरून बघायचा." तो फॉरवर्ड कोण, हे तुम्हाला मी काय सांगायचं!

तेव्हापासून जिवात जीव नाही. काल तुमची भाचेसून म्हणाली, "अहो, हात खाली घ्या, कुकरची शिट्टी आहे ती."

कंबरेला जपा, ओणवं होऊन काही उचलू नका.

तुमचा भाचा

ता. क. शनिवारी तुमचे चिरंजीव मुक्कामाला तुमच्याकडे येतायत म्हणे. रविवारी तोच माझ्या अंगावर धावून येणार. मामी, त्याला आग्रह करकरून वाढा. "पुरे" म्हणाला की आणखी एक डाव वाढा. गोडाचं पातेलंच पुढ्यात ठेवा. वाईट काही मागत नाही, नुसती सुस्ती.

आणखी ता. क. पाकीट चिकटवतोय तोच त्याचा फोन. "दादा, काळजी करू नकोस रे. तुझ्या डाव्या बाजूने मी येणारच नाही."

डाव्या! आता हा दया करून उजवीकडून येणार, की मी उजवीकडे सरकलो की डावीकडून निसटणार? (तोंडाने एक बाजू, पायाने दुसरी, हे तुमच्याच अंगणात मीच शिकवलं त्याला.) आणि डावा गुडघा त्याला कळला कुठून? माझा हात वर आहे, मामी. पण झेंडा तुमच्या हातात, आणि गडी तुमच्याच घरचा!