कापलेलं ‘कदाचित’

प्रिय वहिनी,

नमस्कार, आणि तोही वाकून (म्हणजे माझी कंबर जेवढं वाकू देते तेवढं). तुमचा खोकला गेला का? दादाचं घोरणं गेलं नसणार, ते विचारत नाही. बाबांची तब्येत ठणठणीत आहे हे मला ठाऊक आहे, कारण ओळखीच्या झाडून सगळ्यांना त्यांनी फोन करून माझी बातमी सांगितली, आणि एवढा दम आजारी माणसाच्या छातीत नसतो. त्या बातमीबद्दलच लिहितेय. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही हसता आणि मग मला राग धरून ठेवता येत नाही.

तर टीव्हीवाले आले. माझी प्रयोगशाळा तुम्ही पाहिली नाहीत, म्हणून सांगते : तिसऱ्या मजल्यावरची मागची खोली, खिडकीतून समोरच्या इमारतीचे पाइप दिसतात, आणि टेबलावर प्लॅस्टिकच्या डब्यांमध्ये भिंतीवरून, दगडांवरून खरवडून आणलेलं शेवाळ. वाळलेलं शेवाळ चहाच्या चोथ्यासारखं दिसतं. बातमीदार मुलगी दारात उभी राहून मलाच म्हणाली, “मॅडम आहेत का आत?” मीच मॅडम, असं सांगितल्यावर तिचा चेहरा पडला. (मी कोपरावर विरलेला स्वेटर घातला होता. खोलीत गारठा असतो, आणि शेवाळाची काही तक्रार नसते.) मग खालच्या रसायनवाल्यांकडून पांढरा कोट आला, त्यात माझी बोटंसुद्धा दिसेनात. पाठोपाठ काचेच्या भांड्यांत लाल, निळं, हिरवं पाणी आलं. त्या पाण्याचा माझ्या कामाशी तेवढाच संबंध, जेवढा दादाचा स्वयंपाकाशी. कॅमेरावाल्याने सांगितलं, सूक्ष्मदर्शकात बघा आणि एकदम आनंदाने दचका. वहिनी, नुसतं दचकणं सोपं आहे, पण आनंदाने दचकायला फार मेहनत पडते. मी दचकत राहिले, तो “आणखी एकदा” म्हणत राहिला. खोटं कशाला सांगू, शेवटी शेवटी मला मजा यायला लागली होती.

मग मुलीने विचारलं, याचा उपयोग काय? मी म्हणाले, शेवाळ पार वाळलं तरी मरत नाही, पाणी मिळालं की पुन्हा हिरवं होतं. ते कसं होतं हे नीट कळलं तर कदाचित, फार पुढे, दुष्काळात तग धरणारी पिकं तयार करता येतील. ती बिचारी मान डोलावून लिहून घेत होती. रात्री बातमी लागली : ‘मेलेली झाडं जिवंत करणारी बाई!’ मागे लाल पाण्यातून धूर निघत होता (तो त्यांनी नंतर घातला, आमच्याकडे धूर नव्हता), आणि मी आनंदाने दचकत होते. ‘कदाचित’ कापलं होतं. ‘फार पुढे’ही कापलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी माणसातून उठले. फळवाल्याने पैसे घेताना माझ्या हाताकडे जरा घाबरूनच पाहिलं. कार्यालयातल्या बाईंनी केस गळतात त्यावर काही आहे का, असं कानात विचारलं. हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण सुट्टीच्या दिवशी सकाळी माझ्या घराच्या दारात कंडक्टरकाका उभे राहिले.

काका खालच्या मजल्यावर राहतात. जन्म बसमध्ये ओरडण्यात गेल्यामुळे ते कुजबुजले तरी जिन्यातली माणसं पुढे सरकतात. त्या दिवशी मात्र आवाज नव्हता. हातात कुंडी होती, कुंडीत गुलाब, पार काड्या झालेला. “हिचा आहे,” एवढंच म्हणाले. काकू गेल्यापासून ते गॅलरीत गेलेच नव्हते. मी नखाने फांदी खरवडून पाहिली. आत हिरवं काहीच नव्हतं.

“काका, हा गेला.”

“टीव्हीवर तुम्ही सांगितलंत.”

“मी तसं म्हणाले नव्हते.”

“तोंड तर तुमचंच होतं. आणि असं काही येत नाही तर मग कोट कशाला घातला होतात?”

वहिनी, आजवर परीक्षकांनी, साहेबांनी, अनुदान देणाऱ्यांनी मला नाना प्रश्न विचारले आहेत. हा कोणीच विचारला नव्हता. काकांना बसवून, चहा पाजून वाटेला लावता आलं असतं, पण मला तसं करवेना. मी त्यांना म्हटलं, चला माझ्याबरोबर.

प्रयोगशाळेत त्यांना स्टुलावर बसवलं, चोथ्यातला एक कण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि वर पाण्याचा थेंब सोडला. काका डोळा लावून बसले. मुडपलेली पानं हलली, हळूहळू उलगडली.

“हे मेलं नव्हतं?”

“नाही. वाळलं होतं. थांबलं होतं म्हणा.”

“आणि गुलाब?”

“त्याला असं थांबता येत नाही.”

त्यांनी पुन्हा डोळा लावला. मग विचारलं, “याला कसं येतं?”

“थोडं कळलंय. बरंचसं नाही.”

“एवढी वर्षं इथे येऊनसुद्धा?”

“म्हणून तर अजून येते.”

मला वाटलं, आता उठतील. त्यांनी स्टूल आणखी पुढे ओढलं आणि खास कंडक्टरी आवाजात म्हणाले, “सरका जरा, उजेड येऊ द्या.” कुंडी ते परत घेऊन गेले. तिचं काय केलं ते मी विचारलं नाही. पण तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी ते माझ्याबरोबर प्रयोगशाळेत येतात.

इकडे मी टीव्हीवाल्यांना फोन करकरून दुरुस्ती मागत होते. ती मुलगी म्हणाली, “ताई, मी ‘कदाचित’ ठेवलं होतं, वरच्यांनी कापलं.” मला तिचा राग येईना. शेवटी त्यांनी मिनिटभराची दुरुस्ती कबूल केली, पण ती मुलगी दुसऱ्या बातमीवर गेल्यामुळे भलताच माणूस आला. मी तेव्हा खाली सह्या करत होते. वर येऊन बघते तर काका सूक्ष्मदर्शकापाशी, चष्मा कपाळावर, पांढरे केस (काकू गेल्यापासून फणी लावत नाहीत) चारी दिशांना, आणि त्यांच्या तोंडासमोर माइक. मी पुढे झाले तर कॅमेरावाला म्हणाला, “बाई, बाजूला व्हा, सावली पडतेय सरांवर.”

काका सांगत होते, “मेलेलं झाड परत येत नाही. माझं विचारून झालंय. वाळलेलं शेवाळ येतं. कसं, ते आम्हाला अजून पुरतं कळलेलं नाही.”

मी बाजूला झाले. त्या ‘आम्हाला’वर माझा जीव अडकला होता. बातमीत खाली नावाच्या जागी झळकलं : ‘ज्येष्ठ शास्त्रज्ञ’. या वेळी एक शब्दही कापला नव्हता. तसले केस असले की ‘माहीत नाही’सुद्धा ज्ञानासारखं ऐकू येतं. मी वीस वर्षं केस विंचरून कामावर जातेय, चुकलंच माझं.

खोकल्याची काळजी घ्या. मुलांना पापा.

तुमची नणंद

ता.क. खरं कारण आता लिहिते. बाबांचा फोन आला होता. “तुझे साहेब पाहिले टीव्हीवर. माणूस रोखठोक आहे. मला भेटायचंय त्यांना, आणि तुझी ती खोलीही बघायचीय.” वहिनी, ती खोली बघायचं बाबांनी आजवर कधी मनावर घेतलं नव्हतं. तुम्ही त्यांना घेऊन या ना. साहेब कोण ते सांगू नका, नाहीतर यायचंच रद्द करतील. दादाला तर मुळीच सांगू नका, त्याच्या पोटात काही राहत नाही.

आणखी एक ता.क. एक दिवसापुरते साहेब व्हाल का, असं काकांना विचारलं. म्हणाले, कॅमेऱ्यापुढे खोटं बोललो नाही, ते तुमच्या वडिलांशी बोलू? तेव्हा बाबांना खरं ते सांगावंच लागणार, आणि ते तुम्हीच सांगा. पण गाडी सुटल्यावर.