येतो की जातो

३ जानेवारी
सिनेमावाले आले होते. दिग्दर्शक निनाद, मुंबईचा. वाकून नमस्कार केला तेव्हाच ओळखलं, काहीतरी मागणार. ह्यांच्यावर आणि ह्यांच्या अनियतकालिकवाल्या कंपूवर सिनेमा काढतोय. नटांची मराठी बडोद्याची करून द्या म्हणाला. जिवंतपणी कुणी छापलं नाही, आता पडद्यावर. असो. शलाका म्हणाली, “कर ने आई, वेळ जाईल तुझा.” लेकीला आईच्या वेळेची फार काळजी.

५ जाने.
स्क्रिप्ट वाचायला घेतली. पहिल्याच पानावर चौघे लेखक बारमध्ये. दारूबंदीच्या बडोद्यात बार. ह्यांची मैफल म्हणजे कंपूतल्या वसंतरावांच्या गच्चीवर पोटलीची चोरटी दारू, मूठभर खारी शिंग आणि एकमेकांच्या कवितांची सालटी काढणं. निनादला सांगितलं तर म्हणतो, “मॅडम, बारमध्ये लाइट चांगला मिळतो.”
कविता मात्र नीट निवडल्यात. एक दोनदा वाचली. माणूस वाईट नव्हता. संसार करण्यासारखाही नव्हता.

८ जाने.
शेवटचा प्रवेश. नागरवाड्यातलं आमचं घर, मी पोळ्या लाटतेय, हे दारात. म्हणतात, “जातो.” मी मानसुद्धा वर करत नाही.
जातो म्हणतं का कुणी आपल्यात? वैऱ्याच्या घरून निघतानाही येतोच म्हणतात. हेही येतो म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी करजणजवळ रुळांवर सापडले. पोलिसांनी अपघात लिहिलं. लोक काय बोलले ते माझ्या कानांनी ऐकलंय. शलाका चार वर्षांची होती. तिला आजवर एकच सांगत आले: बाबा येतो म्हणाले होते, म्हणजे त्यांना यायचं होतं. त्या एका शब्दावर पोर वाढवली मी.

९ जाने.
निनादला म्हटलं, शब्द बदल.
“येतो म्हटलं तर प्रेक्षकाला कळणार कसं?”
मला तरी कुठे कळलं होतं.
स्क्रिप्टची पानं उलटली. मग हळूच, “वसंतरावांनीच सांगितलंय जातो. ते खाली उभे होते ना?”
होते. कंपूतले आता वसंतराव एकटेच उरलेत. त्या दिवशी खाली स्कूटर घेऊन थांबले होते.

१० जाने.
वसंतरावांना फोन. ऐकू येत नाही, ओरडून विचारलं. शेजारणीने बारी उघडून डोकं बाहेर काढलं. म्हणाले, “वहिनी, जिन्यावरून आवाज आला तो सांगितला.” पुढे म्हणाले, “किंवा तो शब्द मीच घातला असेल. इतक्या वेळा सांगून झालंय की आता...” आणि खोकतच राहिले. मेले लेखक!

१३ जाने.
उद्या उत्तराण. गच्च्यांवर आत्तापासूनच पतंगवाल्यांचा कल्ला, शूटिंग बंद. ह्यांचं काम करणाऱ्या नटाची तालीम माझ्या घरी. मुलगा गुणी आहे, मान थेट ह्यांच्यासारखी तिरकी करतो. निनाद म्हणाला, दोन्ही शब्द घेऊन ठेवू. मग तो मुलगा माझ्या दारात उभा राहून सारखा येतो, जातो, येतो, जातो. “काकू, बरोबर?” शेवटी मी चहा टाकायला उठले.

१७ जाने.
मांडवीजवळ एका जुन्या घरात शूटिंग. शलाका रजा काढून आली. दोन्ही शब्द घेतले. “जातो” झाल्यावर सेटवरची माणसं गप्प झाली. “येतो”च्या वेळी कुणीतरी नास्त्याचं विचारत होतं.
रिक्षात शलाका: “वसंतकाका वेगळं सांगतात ने?”
नक्की येतोच म्हणाले होते, म्हटलं. तिने मान हलवली. घरापर्यंत बाहेर बघत बसली.

२२ जाने.
निनादचा फोन. “जातो” ठेवतोय. माफी मागितली. श्रेयनामावलीत ‘बोलीभाषा मार्गदर्शन’ म्हणून माझं नाव येणार. म्हणजे ते “जातो” माझ्याच खात्यावर. नाव काढ म्हटलं. बघतो म्हणाला. संताप झाला, पण कुणावर काढू?

२६ जाने.
शलाका उंधियू घेऊन आली. जेवताना म्हणाली, “आई, जे असेल ते सांग ने. मी आता काही लहान नाही. मला चालेल.”
येतोच, असं मी म्हणणार होते. म्हणण्याआधी एकदा स्वतःशी ऐकून घ्यावं म्हणून डोळे मिटले. दार दिसलं. हे चपला घालताना वाकलेले दिसले. ह्यांनी तोंड उघडलं आणि आवाज त्या नटाचा. पुन्हा ऐकलं, पुन्हा तोच. येतो त्याचं, जातोही त्याचंच. ह्यांचा आवाज कुठेच नाही. इतकी भीती मला हे सापडले त्या दिवशीही वाटली नव्हती.
म्हटलं, “आठवत नाही गं आता.”
“म्हणजे जातो,” शलाका म्हणाली.
मी नाही म्हटलं नाही.