पंखा बंद केल्यानंतर

३ फेब्रुवारी, जळगाव

मुग्धाने टीव्हीला लॅपटॉप जोडून आज सिनेमा दाखवला. कच्चा. दिग्दर्शक तिचा मित्र हेमराज, दोंडाईचाचा, वय अठ्ठावीस, दाढी चाळिशीची. आवाजाची बाजू सगळी आमच्या कन्येकडे. अंतराळस्थानक, त्यात एक बंद कप्पा, कप्प्यात अडकलेली शास्त्रज्ञ बाई. सगळे अहिराणीत बोलतात. "आठे कोन शे रे?", म्हणजे इथे कोण आहे, असं विचारत यानात शिरणारा अंतराळवीर प्रथमच पाहिला. शोभला.

स्थानक म्हणजे सावद्याच्या एका शेठजींची केळी पिकवायची चेंबरं. चित्रात ओळखू येत नाहीत. घात केला तो आवाजाने. दार उघडायच्या आधी ढोल, उघडताना ढोल, आत कोणीच नाही तरी ढोल.

मु.ला म्हटलं, बाई, भयानक रसात भयाचं कारण जेवढं उशिरा दिसेल तेवढं बरं. तू तर आधी निमंत्रणपत्रिका वाटतेस.

"पेपरातल्या परीक्षणात हेच छापणार का, बाबा?"

"पेपरात 'श्वास रोखून धरायला लावणारा' छापतो. आम्हा वार्ताहरांना असं खोटं सवयीचं असतं."

५ फेब्रु.

सौ. धुळ्याला माहेरी, सासूबाईंचा मोतीबिंदू. तस्मात् घराची प्रयोगशाळा. मु.ने कुकर, मिक्सर, गॅलरीचं दार, सगळं रेकॉर्ड करून संथ केलं. आमच्या कुकरची शिट्टी संथ केली तर वासरू हरवलेल्या एखाद्या अजस्र जनावरासारखी वाटते. यापुढे वरण खाताना दया येईल.

मग मला डोळे मिटून बसवलं. स्पीकरमधून खालच्या पट्टीत घरघर सुरू, इतकी बारीक की थोड्या वेळाने मी ती विसरलो. आणि एकदम मानेवर काटा. डोळे उघडले.

"काय केलंस?"

"काहीच नाही. होतं ते काढून घेतलं. फ्रिज बंद पडला की तुम्ही पेपरातून मान वर करता ना? चालू असताना कधी करता?"

खरं आहे. कान आवाजाला सरावतो. पहारा देतो तो शांततेवर. नंतर तिने हृदयाचे ठोके ऐकवले, आधी सावकाश, मग कळेल न कळेल असे वाढवत. "आता तुमची नाडी बघा." पळत होती. स्वतःच्या मुलीने नाडीसकट फसवलं. फार आनंद झाला.

त्या आनंदाच्या भरात सल्ला दिला: बंद कप्प्याच्या प्रसंगात संगीत नकोच. नुसती शांतता आणि त्या बाईचा श्वास. इत्यलम्.

मु. मग म्हणाली, "स्टुडिओतली शांतता मेलेली असते. ती त्या चेंबरमध्येच जाऊन घ्यावी लागेल."

७ फेब्रु.

सावद्याला गेलो, मी, मु. आणि हे. (हेमराज). चेंबर म्हणजे जाड भिंतींची थंड खोली. छतापर्यंत क्रेट, त्यांत अर्धवट पिवळी केळी, गोडूस वास, दाराला रबराची पट्टी. आतली हवा बाहेर फेकणारा एक पंखा. आवाज असा, की चढावर ट्रक अडकलाय.

शेठजींचे आजोबा राजस्थानातून आलेले, पण हे केळीबद्दल बोलायला लागले की इथलेच कोंब वाटतात. "साहेब, घड कापला म्हणजे मेला नाही. माल आत श्वास घेतो. हवा बदलावी लागते, नाहीतर बिघडून जातो."

मु.ला हे वाक्य इतकं आवडलं की तिने ते पुन्हा म्हणायला लावून रेकॉर्ड केलं. वाक्य आवडलं, ऐकलं कोणीच नाही. आम्हाला वाटलं, व्यापाऱ्याला मालाची काळजी. हे. म्हणाला, "शेठजी, एक खोलीना माल. काही व्हत नही, मी शे ना."

ठरलं. परवा सकाळी रेकॉर्डिंग. यंत्र थंड होताना टकटक करतं म्हणून आदल्या संध्याकाळपासूनच पंखा बंद. शेठजी त्या दिवशी लग्नाला चाळीसगावी.

९ फेब्रु.

मु. बरी आहे. आधी एवढंच. बाकीचं उद्या.

१० फेब्रु.

काल सकाळी ती माइक घेऊन आत गेली. आम्ही दार लावलं. वायर रबराच्या पट्टीतून दाबून बाहेर काढलेली. बाहेर स्टुलांवर हे. आणि मी, दोघांच्या कानांना हेडफोन. बेत असा, की आधी नुसती शांतता घ्यायची, मग मु.नेच त्या अडकलेल्या बाईचा श्वास काढून दाखवायचा. नटीला नमुना म्हणून.

तशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. भिंतच कानाला लावल्यासारखी. मग श्वास. संथ. मग उथळ, भराभर. हे.ने माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "काका, बठ्ठं खरं वाटस."

सगळं खरं वाटतंय, यावर मी मान डोलावली. मला भीती वाटत होती आणि ती मला आवडत होती. हे लिहून ठेवतो, कारण पुढे मी ते नाकारीन.

मग काहीतरी पुटपुटली. मग धप्प. हे.ने अंगठा वर केला. मलाही वाटलं, वा, ढोल गेला आणि बघा कशी शिकली. नंतर लांबलचक श्वास, मध्ये मोठी मोठी अंतरं. मी मनात त्या अंतरांनासुद्धा दाद देत होतो.

लहानपणापासून नक्कल संपली की मु. खुदकन हसते. मी हसण्याची वाट बघत होतो.

हेडफोन काढून फेकला. दार ओढलं तर येईना. हे. धावला, दोघांनी ओढलं. आतली हवा तोंडावर आली आणि मलाच अंधारी आली, क्रेट धरून उभा राहिलो. हे.ने तिला काखांत हात घालून फरफटत ओट्यावर आणलं. ओठ राखेसारखे. किती वेळ ते माहीत नाही, मला विचारू नये. मग खोकली, ओकली. म्हणाली, "रेकॉर्ड झालं का?"

दवाखान्यात डॉक्टर बाई आमच्याकडे न बघता बोलत होत्या. पिकणारी केळी प्राणवायू घेतात, कार्बन डायऑक्साइड सोडतात. पंखा त्यासाठीच असतो. रात्रभर कोंडलेल्या हवेत तिला बसवायची कल्पना कोणाची?

हे. म्हणाला, माझी. मु. म्हणाली, माझी. मी काहीच म्हणालो नाही.

१२ फेब्रु.

शेठजी चौकशीला आले. गाडीतून केळ्यांची फणी घेऊन उतरले, दारापर्यंत आले, हातात काय आहे ते लक्षात आलं, परत जाऊन फणी गाडीत ठेवून आले. बसले. चहा घेतला नाही.

"मी मालाचं सांगितलं साहेब. माणसाचं सांगायला पाहिजे होतं."

फ्रिज बंद पडला. मी उठून मु.च्या खोलीत डोकावून आलो. ती पुस्तक वाचत होती. "बाबा, जिवंत आहे." थोड्या वेळाने फ्रिज पुन्हा बंद पडला. पुन्हा गेलो. या वेळी तिने नुसता मोठ्याने श्वास सोडून दाखवला.

१४ फेब्रु.

सौ. परत. "पोरगी उतरलेली दिसते."

"चक्कर आली होती. सिनेमावाल्यांचं अवेळी जेवण." हे मी म्हणालो. सहज जमलं, त्याचीच जास्त भीती वाटली.

मु.ला लहानपणी बाळदमा होता. सौ. शेजारच्या खोलीतून नुसता श्वास ऐकून सांगायची, औषध द्यायचं की थांबायचं. डॉक्टर चकित व्हायचे. हे आज आठवायला नको होतं.

१७ फेब्रु.

हे. आला. दाढी काढलेली, दहावीतला मुलगा दिसतो.

"काका, मी ते रेकॉर्डिंग पुसी टाकू का? मले जेवण जात नही."

मु. आतून: "पुसलंस तर बघ. श्वास माझा आहे."

तिला तोच आवाज सिनेमात हवा आहे. कप्प्याच्या प्रसंगात, संगीताशिवाय, जसाच्या तसा. म्हणते, असा आवाज कोणाला काढता येणार नाही. "मलाही पुन्हा येणार नाही."

मी म्हटलं, नको.

"तुम्हीच म्हणालात, नुसती शांतता आणि श्वास."

"मी नकलेचं बोललो होतो."

"बाबा, त्या दिवशी बाहेर बसून तुम्ही काय ऐकत होता? आवडलं होतं ना?"

हे.ने सांगितलेलं दिसतं.

"आईला कळेल," एवढंच म्हणालो.

"मग तुम्ही आधी सांगा. चक्कर तुमची आहे."

अस्तु.

२२ फेब्रु.

सौ.ला सांगायचं म्हणून सकाळी बसलो. ती मेथी निवडत होती. मी ऑफिसातल्या राजकारणाबद्दल बोललो.

मु. दारं लावून आवाजाची जोडणी करतेय. काय ठेवलं, काय काढलं, विचारायचं धाडस नाही. घरात आता कोणी मोठ्याने श्वास घेतला तरी मी मान वर करतो.

१ मार्च, धुळे

मध्यंतर. थिएटरच्या पायऱ्यांवर बसून लिहितोय. खेळ फक्त सिनेमावाल्यांच्या घरच्यांसाठी, तरी निम्मं दोंडाईचा आलेलं आहे.

पहिला अर्धा भाग उत्तम. ढोल एकही नाही. खालून ती घरघर, ठोके वाढत जाणारे, पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी शेजाऱ्याचा दंड धरून ठेवलेला. सौ.ने माझा धरला होता. मध्यंतर नेमकं बंद कप्प्याच्या दारापाशी झालं.

मु. मागे साउंड मिक्सरच्या टेबलापाशी उभी. जाऊन विचारलं, "ठेवलंस का?"

"आईला सांगितलंत का?"

मी वळून पायऱ्यांवर आलो.

सौ. समोसे घेऊन आली. फार खूश. "पोरीने काय आवाज केलेत हो. माझे हात गार पडलेत, बघा." हात माझ्या हातात दिला. खरंच गार.

"वृंदा, थांब जरा. पुढे एक श्वास आहे, त्याच्याबद्दल तुला…"

"काही सांगू नका. तुमची सवयच आहे, शेवट फोडायची."

"शेवटाचं नाही. सावद्याला त्या दिवशी…"

"नंतर. घरी जाऊन सांगा."

घंटा झाली. ती आत गेली, माझी खुर्ची हाताने अडवून बसली आहे, इथून दिसते. दिवे मंद होताहेत. पडद्यावर अजून काही नाही, आवाजही नाही. ती मागे वळून मला खुणावतेय, या लवकर.