डोंगरावरच्या सुबाभळी आणि चंद्री शेळी

ती. दाजींना व्यंकटीचा साष्टांग नमस्कार. अक्कालाही नमस्कार. तिचे गुडघे कसे आहेत? नव्या जिल्ह्याच्या कचेरीत तुमची कारकुनाची खुर्ची पंख्याखाली आली की अजून दारातच आहे, ते कळवावे. इकडे माणसं खुशाल आहेत. शेळ्यांचं खाली लिहितो.

डोंगराची माती वाहून विहिरी बुजायला लागल्या, म्हणून सरकारने वर चर खणून सुबाभळी लावल्या आणि चराई बंद केली, हे तुम्ही जाणताच. मग राखणदार कोण, हा सवाल चावडीवर निघाला. वीरण्णा सरपंच म्हणाले, "ज्याच्या घरी शेळ्या लई, त्यालाच करा. त्याला चोरवाटा ठाव्या हायत." अशा रीतीने अकरा शेळ्या राखणारा मी शेळ्या हाकलायला नेमला गेलो. सरकारी शिट्टीही मिळाली. ती वाजवली की आमच्या शेळ्या उलट माझ्याकडेच धावत येतात (पाण्यावर बोलवायला मी वर्षानुवर्षं तशीच शीळ घालत आलोय).

तरी नेमणूक मी मनावर घेतली. यंदा पाऊस दोनदाच तोंड दाखवून गेला, पण चरांच्या कडेने गुडघाभर गवत आहे. बाहेर उरलेल्या माळावर सगळ्या गावची जनावरं, तो त्यांनी पार खरवडून काढलाय. झाडांनी माती धरली हे खरं, आणि त्यांच्यापायी माझ्या शेळ्यांच्या बरगड्या दिसायला लागल्या हेही खरं. माझं झाडांशी भांडण नाही. जनावर आत नको, विळा जाऊ द्या. गवत आणि खालचा पाला कापून डोक्यावर आणू, एवढंच मागणं आहे. तीन अर्ज केले. जुन्या जिल्ह्याने कळवलं, तुमचं गाव आता नव्यात. नव्याने कळवलं, तुमच्या डोंगराचे कागद अजून जुन्यात. (डोंगर जागेवरच आहे, मी रोज बघतो.) अक्काची भावजय सरजाबाई म्हणते, "अर्ज खाऊन शेळी दूध देती का?" देत नाही. पण मी हा नाद सोडणार नाही. चौथा अर्ज सोबत जोडलाय.

परवाच एक शेळी सुबाभळीचा शेंडा खाताना धरली आणि कोंडवाड्यात नेऊन बांधली. नियम सगळ्यांना सारखा.

आपला,
व्यंकटी

ता. क. ती शेळी म्हणजे चंद्री. अक्काने मला अर्धलीने दिलेली. शेळी तुमची, राखण माझी, करडं निम्मी निम्मी. वहीत मालकाचं नाव लागतं, म्हणून तुमचं लिहिलं, हुद्द्यासकट. नोटीस तुमच्याच कचेरीत येईल. सोडवायला मालकाने जातीने यावं लागतं; येताना चौथा अर्ज मंजूर करून आणावा. तोवर चंद्रीला मी घरचा कडबा घालतो, काळजी नसावी.

आणखी एक. अक्काशी खोटं बोलवत नाही. कुंपणाची काटेरी फांदी मीच बाजूला केली आणि अकरांतून चंद्रीलाच आत सोडलं. बाकीच्या दहांचा मालक मी आहे, आणि माझ्या नावाचा कागद कुठल्याच जिल्ह्याला सापडत नाही.