एका अक्षराचं दुखणं

माय, आज वर्गात पुन्हा तो धडा आला. लातूरला शिकवायला लागल्यापासून तो दरवर्षी येतो आणि दरवर्षी मी घाईघाईनं उरकते. मूळ सूचना पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएत असतात, त्या तिथून हलत नाहीत. लागेल तेवढ्याच भागाची नक्कल बाहेर येते आणि रायबोसोम ती तीन-तीन अक्षरं करून वाचतो. दर तीन अक्षरांना एक अमिनो आम्ल, एकापुढं एक ओवत जायचं, की झालं प्रथिन. माहूरला गडाच्या पायथ्याशी आपल्या दुकानावर तू हार ओवायचीस, तसंच. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, एवढ्या लांब साखळीत एक अक्षर चुकलं तर काय होतंय?" मी पुस्तकातलं सांगितलं. हिमोग्लोबिनच्या सूचनेत आई-बाप दोघांकडून तीच चूक आली, की सहाव्या जागी भलतंच आम्ल बसतं. मग तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडं दुखतात. "लई दुखतंय का?" तिनं विचारलं. मी फळ्याकडं तोंड फिरवलं.

माझं बारावीचं वर्ष. दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृहातून घरी आले होते, थंडी पडली होती. दुकान लावायची वेळ झाली आहे आणि तू गुडघे पोटाशी घेऊन चुलीपाशी पडली आहेस. "हाडं लई ठणकून राहिली गं. जरा पडू दे." मी म्हणते, "पुरे कर ही नाटकं. बाकीच्या बाया बसल्याच की दुकानावर." "हाव, उठते," म्हणालीस आणि भिंतीला धरून उठलीस. एखादी शिवी हासडली असतीस तर मला आज एवढं जड गेलं नसतं गं.

उन्हाळ्यात नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सिकलसेल सांगितलं आणि तिसऱ्या दिवशी तू गेलीस. तुला 'नाटकं' म्हणाले होते हे मी रडून रडून सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "पोरी, तुला काय ठावं होतं?" मी 'नव्हतं' म्हणून मान हलवली. अजून ते तेच धरून आहेत, म्हणून हे पत्र तुझ्या फोटोमागंसुद्धा ठेवणार नाही. फोटो तेच पुसतात.

मला ठाऊक होतं, माय. त्या दिवाळीआधीच्या सहामाहीत हाच प्रश्न आला होता. सहाव्या जागेपासून दुखणाऱ्या हाडांपर्यंत मी सगळं लिहिलं होतं, आणि पैकीच्या पैकी गुण घेऊन तुझ्याकडं आले होते.