कुर्लीचं शेवटी काय झालं

आई, तू हॉस्पिटलात विचारलं होतंस, "त्या कुर्लीचं शेवटी काय झालं गं?" आणि मी म्हटलं होतं, "बघून सांगते." बघायला एवढी वर्षं लागली. यात माझा आळस नाही, आधीच सांगून ठेवते. तू शुक्रवारी विचारलंस आणि शनिवारचा शबात संपायच्या आत गेलीस. मग सुतकाचे सात दिवस जमिनीवर बसणं आलं. त्यानंतर पप्पांनी कॅसेटी लावायचा व्हिडिओ कुणाला तरी देऊन टाकला आणि तुझ्या कॅसेटींचं खोकं खाली मिकलातमध्ये गेलं, सायरन वाजला की आपण सगळे पळायचो त्या तळघरात, जुन्या गाद्यांच्या मागे. आता अश्दोदची आपली बिल्डिंग पाडून नवी बांधणार आहेत. तळघर रिकामं करायला मी गेले, गादी ओढली, आणि तुझ्या राक्षसांच्या पिक्चरच्या सगळ्या कॅसेटी धुळीत उभ्या होत्या. मला आधी हसू आलं आणि मग तिथेच गादीवर बसून रडले.

खरं सांग, तुला हे वेड लागलं कुठून? मला अजून कळलेलं नाही आणि कळल्याशिवाय मला चैन नाही, माझा स्वभाव तुला माहीत आहे. पप्पांनी व्हिडिओ घेतला तो हिंदी पिक्चरसाठी. मराठी मुलुख सोडून इकडे आलेल्या आपल्या लोकांत ज्याच्याकडे व्हिडिओ त्याच्याकडे सगळी बिल्डिंग. शनिवारी आकाशात तारे दिसले, शबात सुटला, की शेजारपाजारच्या बायका खुर्च्या घेऊन यायच्या, रडायला रुमालासकट. आणि तू? तू धाग्याच्या कारखान्यातून सुटलीस की बसच्या मोठ्या स्टेशनात त्या रुमानियावाल्याच्या टपरीवर जायचीस. त्याच्याकडे कांदेबटाट्यासारखा कॅसेटींचा ढीग असायचा, सगळ्यात स्वस्तातल्या. पातळ पुठ्ठ्याची खोकी, वर भडक रंग. लोक तिथून व्यायामाच्या नाही तर मुलांच्या कॅसेटी उचलायचे. तू मात्र हात खुपसून खुपसून अवाढव्य जनावरं काढायचीस. कासव, पाल, पंखवाला किडा, काय वाट्टेल ते, फक्त घरापेक्षा मोठं पाहिजे. तो रुमानियावाला तुला बघितलं की हिब्रूत ओरडायचा, "बाई, आज नवा सैतान आलाय!" तू लाजायचीस, पण घ्यायचीस.

चित्र तर काय, देवा! टेप कमी लागावी म्हणून तो माल सावकाश गतीने भरलेला असायचा, हे मला आत्ता एका दुकानदाराने समजावलं. तेव्हा एवढंच दिसायचं की पडद्यावर मुंग्या धावतायत आणि मुंग्यांच्या मागे कुणीतरी बिल्डिंग खातंय. माणसं जपानी, बोलणं इंग्रजी, ओठ भलतीकडेच, आणि खाली हिब्रू अक्षरं. सिनेगॉगमधलं प्रार्थनेचं पुस्तक तू घडाघडा वाचायचीस, कारण तिथे अक्षराखाली काना-मात्रेसारखी टिंबं असतात. पिक्चरमधल्या अक्षरांना टिंबं नसायची, तिथे तुझी गाडी अडायची. म्हणून तू वाचायचं सोडूनच दिलंस आणि सगळ्यांची बोलणी स्वतःच मराठीत बोलायला लागलीस. तो चष्मेवाला शास्त्रज्ञ तुझ्या तोंडून म्हणायचा, "अहो, मी बोललो होतो ना, नका खणू तिकडे!" आणि जनरल म्हणायचा, "गप बसा हो मास्तर, ऑर्डर म्हणजे ऑर्डर." मी तेव्हा शाळेत जात होते, घरात शिरता शिरता तुला हिब्रूत हाक मारून म्हणायचे, "इमा, हे असलं कोण बघतं?" पण दप्तर पाठीवरच ठेवून तासभर उभी राहायचे. तू म्हणायचीस, "बस की खाली, का पाय भाड्याने आणलेत?"

कुर्ली तुझी लाडकी. त्या पिक्चरमध्ये बंदर बांधायला समुद्र खणतात, खाली झोपलेली कुर्ली, म्हणजे बिल्डिंगएवढी खेकडीण, उठते, एकेक नांगी क्रेनएवढी. पप्पा आपल्या बंदरात क्रेनवर होते, त्यामुळे तुला आयतंच सापडलं. ते कामावरून येऊन चहा पीत असायचे आणि तू म्हणायचीस, "बघा, उठवलीत ना तुम्ही तिला." पप्पा बिचारे म्हणायचे, "मी कुठे गं? मी फक्त संत्र्यांच्या पेट्या चढवतो." एकदा रामल्याहून मावशी आली होती. हिंदी पिक्चर मिळेल म्हणून आलेली, तिच्या नशिबी कुर्ली. रणगाडे गोळ्या घालायला लागले तशी मावशी म्हणाली, "मारा मेलीला!" तू खोबरं किसत होतीस, किसणी तशीच खाली ठेवलीस. "का म्हणून मारायचं? कुर्ली आपल्यात खातात तरी का? अंगावर खवले नाहीत, आपल्याला ती चालतच नाही. खायची नाही तर मारता कशाला?" मावशी म्हणाली, "अगं, शहर मोडतेय ती!" तर तू काय म्हणालीस ते मला शब्दाशब्दाने आठवतंय, "झोपलेलीला कुणी उठवलं? ती आपल्या पायाने आली का? उठवून आणायचं आणि मग इकडे जागा नाही म्हणून बोंब मारायची. मला माहीत आहे ते." मावशीने किसणी उचलली आणि खोबरं किसायला लागली. मला तेव्हा ते समजलं नव्हतं. आज थोडं समजतं. कारखान्यातल्या बायका तुझ्या बोलण्याची नक्कल करायच्या, आपण खरे यहुदी का असं तोंडावर विचारायच्या, ते तू घरी कधी सांगितलं नाहीस. मला मावशीने सांगितलं, तू गेल्यावर. मला त्या बायकांचा अजून राग येतो.

आणि तुझी ती खोड! बंदरावर सैन्य जमलं, सायरन झाले, शास्त्रज्ञाने शेवटचं यंत्र आणलं, की तू उठून खटकन बटण दाबायचीस. "बास. पुढे बघण्यासारखं काही नाही." मी किंचाळायचे, "इमा, शेवट!" तू कॅसेट काढून, जराही मागे न फिरवता, तशीच खोक्यात घालायचीस. "शेवट खोक्यावर छापलाय ना. बघ तिकडे." आणि खरंच प्रत्येक खोक्यावर छापलेलं होतं, भडक रंगात धड ओळखू न येणारं एक मेलेलं जनावर धक्क्यावर आडवं पडलेलं आणि त्याच्या पोटावर सैनिक पाय ठेवून उभे. मीही ते खरं धरून चालले. शेवट ठाऊक असलेलं काय बघायचं? म्हणून तर हॉस्पिटलात तू विचारलंस तेव्हा मी चकित झाले. तुला माहीत होतं ना? की आयुष्यभर खोक्यावर विश्वास नव्हताच तुझा?

तर ऐक. व्हिडिओ मिळता मिळेना. शेवटी किर्यात मलाखीत एका म्हाताऱ्याकडे मिळाला, तो जुनी यंत्रं दुरुस्त करतो. त्याने कॅसेटी साफ करून दिल्या, बुरशी लागलेल्या पट्ट्या कापून जोडल्या. त्यानेच खोकी टेबलावर रांगेने मांडली आणि हसायला लागला. "बाई, हे बघा." बघते तर सगळ्या खोक्यांवर चित्र एकच! कासवाच्या खोक्यावर तेच, पालीच्या खोक्यावर तेच, फक्त रंग बदललेला. स्वस्त माल काढणाऱ्याने एकच चित्र आणलं आणि सगळ्यांना चिकटवलं. आई, त्या मेलेल्या जनावराचा तुझ्या एकाही पिक्चरशी संबंध नव्हता. असला भोंदूपणा! मला एवढा आनंद झाला की त्या म्हाताऱ्याला मी घरच्या करंज्या नेऊन दिल्या.

मग घरी बसून एकेक कॅसेट लावली, तू जिथे सोडलीस तिथूनच पुढे. कासव मरत नाही गं. लोकांकडे एकदा वळून बघतं आणि समुद्रात चालू लागतं, आणि किनाऱ्यावरचे लोक चक्क हात हलवतात. पाल डोंगराच्या तोंडात जाऊन झोपते. पंखवाला किडा उडून जातो, कुठे ते त्यांनी दाखवलं नाही, मला वाटतं त्यांचे पैसे संपले असावेत. एका कॅसेटमध्ये तर शेवटच नाही, टेप अपुरी पडली, यंत्र चालू होतं आणि पडदा निळा. मी एकटी टाळ्या वाजवत होते. माझी मुलगी आत आली, हिब्रूत म्हणाली, "बरी आहेस ना तू?" मी मराठीत म्हटलं, "बस की खाली." ती बसली. तिला सगळं नाही समजलं, पण शेवटपर्यंत बसली.

कुर्ली मी सगळ्यात मागे ठेवली होती. मुलगी नाही म्हणत असताना तिला दुकानात पिटाळलं आणि मग लावली. आई, तिला मारतात. उकळतं तेल ओततात धक्क्यावरून. तिची एक नांगी बराच वेळ वर असते, मग तीही खाली येते, आणि तो चष्मेवाला शास्त्रज्ञ टोपी काढतो, बाकी कुणी काढत नाही. तू बटण दाबायचीस तेच बरोबर होतं. मी कॅसेट मागे फिरवली, सैन्य नुसतं जमलंय तिथपर्यंत, आणि खोक्यात ठेवली.

तू गेलीस त्या तिथीला कबरीवर हे वाचून दाखवायचं म्हणून लिहायला बसले होते. आता हा कागद घरीच राहील. मी तिथे येईन, आपल्या रीतीप्रमाणे कबरीवर दगड ठेवीन, आणि तू विचारलंस तर म्हणेन, गेली गं समुद्रात.